कोणी केले, तेही लिहा
दिल्लीतील मराठी वार्ताहर आणि त्यांच्या बातम्या छापणारे संपादक यांस खुले पत्र



केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि आता गाझियाबादच्या वसुंधरात राहतो. मराठी वर्तमानपत्र इकडे दारात पडत नाही. सकाळी चहाबरोबर मोबाइलवर तीन-चार मराठी पत्रे चाळायची आणि रात्री जेवताना एखादी मराठी वाहिनी लावायची, हा नेम. तेव्हा मी तुमचे रोजचे गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली तर रागवू नये.

तक्रार इंग्रजी शब्दांची आहे. पण लगेच कपाळाला आठ्या घालू नका. स्टेशनला अग्निरथविरामस्थान म्हणा असे सांगणाऱ्यांतला मी नव्हे. स्टेशन, बस, फाइल, सिलिंडर, डॉक्टर ही मंडळी आपल्या घरात केव्हाच रुळली. क्रिकेट, शेअर बाजार, सिनेमा यांच्या बातम्या तुम्ही कशाही लिहा, माझी हरकत नाही. माझे दुखणे निराळे आहे. माणसे गुदमरतात, बुडतात, मारली जातात, तेव्हा नेमकी तुमची मराठी पाय मागे घेते आणि तिच्या जागी इंग्रजी शब्दांची एखादी तयार जोडी येऊन बसते. मॉब लिंचिंग. सीवर डेथ. वॉटरलॉगिंग. सिव्हिअर प्लस. ऑक्सिजन शॉर्टेज. या जोड्यांत क्रियापद नसते, त्यामुळे कोणी केले हे सांगायची वेळच येत नाही. बातमी पूर्ण होते, छापून येते, आणि जाब कोणाला विचारायचा हे वाचणाऱ्याला कळत नाही.

मला हे चटकन दिसते, कारण माझी सगळी नोकरी याच भाषेत गेली. सरकारी फाइलवर कोणी काही करत नाही, सगळे आपोआप होत असते. 'मॅटर इज बीइंग एक्झामिन्ड' असा शेरा हजारो फाइलींवर सापडेल, आणि तपासणारा माणूस एकीवरही सापडणार नाही. संसदेचे अधिवेशन सुरू झाले की या कलेला बहर येतो. खासदाराचा प्रश्न खात्यात येतो. तारांकित असेल तर मंत्र्यांना सभागृहात उभे राहावे लागते, पुरवणी प्रश्न येतात, म्हणून जाडजूड टिपण करावे लागते. अतारांकित असेल तर नुसते लेखी उत्तर पटलावर जाते आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. मसुदा खालून वर जातो, प्रत्येक टेबलावर एकेक शब्द तासला जातो. कसोटी एवढीच, की उत्तर खोटे असता कामा नये आणि त्यात कोणी सापडता कामा नये. प्रश्नाच्या पहिल्या भागाला 'नाही' म्हणता आले तर पुढच्या सगळ्या भागांना दोनच शब्दांत वाटेला लावता येते: 'डझ नॉट अराइज', म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, पण ते मोठ्या कसबाचे काम आहे.

या कसबाचा एक नमुना तुमच्यापुढे ठेवतो, कारण त्यात दिल्लीही आहे आणि महाराष्ट्रही.

हाताने मैला साफ करून घेण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा. त्यात दोन गोष्टींच्या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. कोरड्या संडासातला, उघड्या नाल्यातला मैला हाताने काढायला लावणे ही एक. तिचे इंग्रजी नाव मॅन्युअल स्कॅव्हेंजिंग. संरक्षणाची साधने न देता माणसाला भुयारी गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे ही दुसरी. तिचे नाव हझार्डस क्लीनिंग. मनाई दोन्हींना आहे, पण कलमे वेगळी. आता २०२१ सालाकडे या. फेब्रुवारीत लोकसभेत सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी सांगितले, की डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना देशात ३४० माणसे मेली. त्यांत दिल्लीतली ३६ आणि महाराष्ट्रातली ३४. जुलैत राज्यसभेत त्याच मंत्र्यांचे लेखी उत्तर आले, की मॅन्युअल स्कॅव्हेंजिंगमुळे एकाही मृत्यूची नोंद नाही.

कायद्याच्या अक्षरात दोन्ही उत्तरे बरोबर. ३४० माणसे गटारात मेली, पण ज्या नावाने विचारले त्या नावाखाली कोणी मेले नाही. दुसरे उत्तर ज्याने रचले त्याला, एक जुना कारकून म्हणून, मी दाद देईन. पण तेच उत्तर तुम्ही 'मॅन्युअल स्कॅव्हेंजिंगमुळे एकही मृत्यू नाही' असे पुढे पाठवले, तर सांगलीत बसून वाचणाऱ्याने काय समजावे? त्याने समजावे, की गटारात माणसे मरायची थांबली. बरे झाले. पान उलटावे. त्या इंग्रजी नावाची उकल तुम्ही वाक्यात केली असतीत, 'गटारात उतरून मेलेल्यांना सरकार या हिशेबात धरत नाही' एवढे जोडले असतेत, तर मंत्रालयातल्या सगळ्या टेबलांची मेहनत एका ओळीत पाण्यात गेली असती. ती ओळ लिहायला तुम्हाला कोणी अडवले नव्हते.

९ सप्टेंबर २०१८ ला दिल्लीच्या मोतीनगरात एका उंची निवासी संकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत पाच कामगार गुदमरून मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली, मुंबईसह सहा महानगरांत माणसाकरवी गटारे साफ करून घेणे बंद करायचा आदेश दिला. आता पुढची बातमी द्याल तेव्हा 'सीवर डेथ' लिहून थांबू नका. टाकीत कोणी उतरवले, ठेकेदार कोणाचा, कमरेला दोर होता की नव्हता, तोंडावर मुखवटा होता की रुमाल, मागच्या वेळच्या मृताच्या बायकोला तीस लाख पोचले की नाहीत, हे विचारा. यातला एकही प्रश्न इंग्रजीत विचारावा लागत नाही.

आठवल्यांच्या त्या उत्तराच्या आठवडाभर आधी, २० जुलै २०२१ ला, आणखी एक उत्तर राज्यसभेत गेले होते. आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी सांगितले, की ऑक्सिजनच्या अभावाने झालेले मृत्यू राज्यांनी 'स्पेसिफिकली' कळवलेले नाहीत. सगळी मेख त्या एका क्रियाविशेषणात. दिल्लीत १ मे २०२१ च्या दुपारी एका मोठ्या रुग्णालयातला ऑक्सिजन संपला आणि एका डॉक्टरसह १२ जण गेले; रुग्णालयाने मृत्यूंची माहिती त्याच दिवशी न्यायालयाला दिली होती. बाईंच्या स्वतःच्या नाशिक जिल्ह्यात त्याआधी दहा दिवस, झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी गळून पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. राज्ये मृत्यूच्या तक्त्यात असा वेगळा रकाना भरत नव्हती, म्हणून ते केंद्राला वेगळे कळले नाहीत. एवढे मराठीत लिहिले असते तर कोणालाच ते निमूट गिळता आले नसते. तो जुलै दिल्लीतल्या मराठी वार्ताहरांसाठी परीक्षेचा महिना होता. दोन्ही प्रश्नपत्रिकांवर मराठी मंत्र्यांची नावे होती.

आता जमावाकडे येतो. माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर दादरीजवळ बिसाहडा गाव आहे. २८ सप्टेंबर २०१५ च्या रात्री गावातल्या लोकांनी गोमांसाच्या अफवेवरून एका माणसाला घरात घुसून मारले. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचले. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक. तिन्हींना मराठी बातमीत एकच शिक्का: मॉब लिंचिंग. अफवा वेगळ्या, मारणारे वेगळे, मेलेले वेगळे, पण शिक्का मारला की सगळे एकाच खणात जाते.

आणि या शिक्क्याने पुढे काय झाले पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये नागपूरला विजयादशमीच्या भाषणात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले, की लिंचिंग हा शब्दच आपल्याकडचा नाही, बाहेरून आणून आपल्या माथी मारलेला आहे. हिंसेचे समर्थन करत नाही, कायद्याने कडक वागावे, हेही ते म्हणाले, ते सोडून देणे बरोबर नव्हे. पण त्या दिवसापासून आठवडाभर देशभर चर्चा कशाची झाली? शब्द कुठला याची. मारणारे कोण, खटले कुठवर आले, साक्षीदार फुटले का, हे मागे पडले. 'जमावाने माणसाला ठार मारले' या वाक्याला परके म्हणायची सोय कोणालाच नसते. गंमत म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हे साधून दाखवले आहे. कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात लिंचिंग हा शब्द कुठेच नाही. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप, असे सरळ वर्णन आहे. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांना जमले ते बातमी लिहिणाऱ्यांना जड जावे?

दर हिवाळ्यात तुम्ही दिल्लीच्या हवेची बातमी देता. 'एक्यूआय सिव्हिअर प्लस, ग्रॅप-फोर लागू.' नाशिकच्या वाचकाला यातून एवढेच कळते, की दिल्लीकडे काहीतरी वाईट चालले आहे. गाझियाबादेत राहून मलाही फारसे जास्त कळत नाही. वास्तविक ग्रॅप, म्हणजे २०१७ मध्ये अधिसूचित झालेला टप्प्याटप्प्यांचा आराखडा, ही कोणत्या हवेत कोणी काय करायचे याची यादी आहे. एक्यूआयचा आकडा ४५० च्या वर गेला की चौथा टप्पा: अत्यावश्यक माल वगैरे सोडून ट्रक बंद, बांधकामे बंद, शाळा घरूनही. १८ नोव्हेंबर २०२४ ला सकाळी आठपासून तो लागू झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने विचारले, की हवा एवढी बिघडेपर्यंत वाट का पाहिली, आणि आमच्या परवानगीशिवाय आता बंधने उठवू नका म्हणून बजावले. बांधकाम बंद म्हणजे मजुराची रोजी बंद. दिल्लीतल्या नव्वद हजारांवर नोंदणीकृत मजुरांना आठ-आठ हजार रुपये द्यायचे ठरले होते. डिसेंबरात न्यायालयाने मुख्य सचिवांना विचारले तेव्हा दोन-दोन हजारच दिले गेले होते. हे सगळे 'ग्रॅप-फोर' या चार अक्षरांच्या पोटात आहे आणि तिथेच राहते.

आमच्या सोसायटीत त्या दिवसांत लिफ्टमध्ये इंग्रजी नोटीस लागली होती, चौथा टप्पा लागू, उघड्यावर जाळल्यास दंड. खाली फाटकाशी रात्रपाळीचा चौकीदार तुटलेल्या फळ्या आणि खोकी पेटवून शेकत बसला होता. आता याच आराखड्यात असेही लिहिले आहे, की सोसायट्यांनी चौकीदारांना आणि इतर कामगारांना विजेचे हीटर दिलेच पाहिजेत, म्हणजे त्यांना शेकोटी पेटवावी लागणार नाही. नोटिशीत दंड होता, हीटर नव्हता. सोसायटीच्या सचिवांना ते दाखवले तेव्हा ते म्हणाले, बातम्यांत तर असे काही आले नाही. त्यांचे म्हणणे खरे होते. मी तीन भाषांतल्या बातम्या चाळल्या, टप्प्याचा आकडा सगळीकडे, हीटर कुठेच नाही. चार दिवसांनी वर्गणीतून हीटर आला.

यावर उपाय म्हणून कोणी 'हवा गुणवत्ता निर्देशांक अतिगंभीर श्रेणीत' असे लिहील, तर ते मला नको आहे. ते इंग्रजीचेच धोतर नेसलेले रूप झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्वतःच्या तक्त्यात ४०१ च्या पुढच्या हवेविषयी लिहिले आहे, की ती धडधाकट माणसालाही बाधते आणि आधीच आजारी असलेल्यांवर गंभीर परिणाम करते. मोजपट्टी ५०० ला संपते, त्यापुढे हवा कितीही बिघडो, सरकारी आकडा तिथेच थांबतो. एवढे सांगा. आकड्याला काहीही म्हणा, एक्यूआय म्हणा.

तुमच्या बाजूने काय म्हणता येईल, तेही मी मनात मांडून पाहिले. वेळ नसतो, हे खरे आहे, पण 'जमावाने मारले' टाइप करायला 'मॉब लिंचिंग'पेक्षा फार वेळ लागत नाही. दुसरी अडचण खरी आहे: कर्ता लिहिला तर बदनामीची नोटीस येते. पण कर्ता म्हणजे आरोपीचे नावच असे नाही. २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका क्लासच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. त्या भागात लातूर, बीड, सोलापूरची शेकडो मुले आयएएसच्या तयारीसाठी राहतात, त्यांचे आईबाप मराठीतच बातमी वाचत होते. 'वॉटरलॉगिंगमुळे तीन ॲस्पिरंट्सचा मृत्यू' असे लिहिले तर दोष पावसाचा. तळघराला परवानगी सामान आणि गाड्या ठेवायची होती आणि तिथे वाचनालय चालवले जात होते, हे लिहिले तर दोष माणसांचा. दुसरे वाक्य कागदपत्रांवर उभे आहे, त्याला कोणी नोटीस पाठवत नाही.

तिसरी अडचण नाजूक आहे आणि तिच्यात मी तुमच्याकडे थोडा झुकतो. काही गोष्टी बोलायला इंग्रजी शब्दाचा आडोसा लागतो. ज्या मुलीवर बेतले ती 'अब्यूज' म्हणत असेल, तर तो तिचा हक्क. तिच्या तोंडात आपला शब्द कोंबू नये. आपल्या मराठीतही सगळे आलबेल नाही, 'छेड काढली' म्हटले की गुन्ह्याची मस्करी होते. पण 'ईव्ह टीझिंग' तर त्याहून वाईट. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये, धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, न्यायाधीशांसाठी जी पुस्तिका काढली तिने तो शब्द टाकून द्यायला सांगितला आणि रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा असे सुचवले. ज्या भाषेतून तो आला तिच्यात चालणाऱ्या न्यायालयाने तो नाकारला, आणि मराठी पत्रांत मात्र अजून भेटतो. पीडितेचे शब्द तिचे. बातमीदाराचे शब्द बातमीदाराचे, आणि त्यांचा हिशेब त्याने द्यायचा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर साहित्य संमेलन झाले, तेव्हा मराठीच्या अभिजात दर्जाचे कौतुक तुम्ही दिल्लीहून भरभरून पाठवलेत. वाचताना मला बाळशास्त्री जांभेकरांचा 'दर्पण' आठवत होता. ६ जानेवारी १८३२ ला सुरू झालेल्या त्या पत्रात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी असे. मराठीचा स्तंभ वाचणाऱ्याला अर्थासाठी शेजारी डोकवावे लागत नसे. इंग्रजीचे वैर त्यांना नव्हते, मलाही नाही. वाचणारा सबंध माणूस आहे आणि त्याला सबंध बातमी मिळाली पाहिजे, एवढा हिशेब ते पाळत.

मागणे थोडेच आहे. प्रेस नोटमधला किंवा पोलिसांच्या ब्रीफिंगमधला इंग्रजी शब्दप्रयोग मथळ्यात उचलण्याआधी त्याचे एक वाक्य करून पाहा: कोणी, कोणाला, काय केले. वाक्य होत नसेल तर बातमी अजून हातात आलेली नाही, पुन्हा फोन करा. संपादकांनी डेस्कवरच्या मुलांना हे एकदा सांगावे. वार्ताहर वाक्यात लिहितो आणि मथळ्यात पुन्हा तोच शिक्का बसतो, असेही घडताना मी पाहतो. आणि संसदेची लेखी उत्तरे दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर हिंदीतही असतात, ती इंग्रजीशेजारी ठेवून वाचा. २०१३ च्या त्या कायद्याच्या हिंदी नावातच 'हाथ से मैला उठाने वाले कर्मी' असे स्वच्छ शब्द आहेत. जिथे 'प्रश्न नहीं उठता' दिसेल तिथे वर जाऊन प्रश्न पूर्ण वाचा, तो विचारणाऱ्या खासदाराला गाठा, त्याला नेमके काय विचारायचे होते ते विचारा. खासदार सांगतात. उत्तर रचणारे माझ्यासारखे कारकूनही निवृत्तीनंतर सांगतात, त्यांनाही चहाला बोलवत चला.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त सेक्शन ऑफिसर
वसुंधरा, गाझियाबाद